भाऊजी घरी आल्यावर काय? – सुरुंगात पाय गेलेल्या जवानाचं पुनर्वसन

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझा धाकटा दीर फौजेत आहे. एलओसीवर पेट्रोलिंगला असताना सुरुंगावर पाय पडला, डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. बाकी अंगात बारीक छर्रे आहेत पण जीव वाचला. आता जखम भरत आलीय आणि कृत्रिम पायासाठी पुण्यात आर्टिफिशियल लिंब सेंटरला नंबर लागलाय. तिथली मंडळी त्यांचं काम चोख करतायत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. माझा प्रश्न ते सिक लीव्हवर घरी येतील तेव्हाचा आहे. घर वाई तालुक्यात, अंगण उताराचं, संडास बाहेर आणि उकिडवं बसायचा, रान लांब. सासूबाईंचं रडणं थांबत नाही, गावातली माणसं रांग लावून बघायला येणार हे दिसतंच आहे. भाऊजी फोनवर एकच सांगतात, "वहिनी, सगळं ओके आहे". पण माझ्या नवऱ्याला त्यांनी रात्री उशिरा सांगितलं की नसलेल्या पायाची बोटं दुखतात, कुणीतरी पिरगळतंय असं वाटतं, आणि हे कुणाला सांगू नको.

पेपरात नुसता सत्काराचा फोटो येतो आणि विषय संपतो. त्याच्या पुढचं वर्ष कसं जातं, घरच्यांनी काय करायचं, काय नाही करायचं, हे ज्यांनी बघितलंय त्यांनी कृपया लिहा. फौजेतलंच पाहिजे असं नाही.

अनघा_फिजिओ
ताई, आधी ते बोटांचं. ते वेड नाही आणि भासही नाही, दुखणं खरंच असतं. पाय गेला तरी मेंदूतली त्या पायाची जागा तशीच असते, तिथून सिग्नल येत राहतात. पाय कापलेल्या बहुतेकांना कमीजास्त होतं. हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं कारण निम्मा त्रास "माझं डोकं फिरलं का" या भीतीचा असतो. औषधं आहेत, डॉक्टरांना सांगायलाच हवं, लपवून चालणार नाही. शिवाय आरशाचा व्यायाम आहे, डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी नव्वदच्या दशकात पुढे आणलेला. दोन पायांच्या मधे उभा आरसा ठेवायचा, चांगल्या पायाचं प्रतिबिंब अशा जागी दिसतं की गेलेला पायच परत आल्यासारखा वाटतो, मग दोन्ही पायांची बोटं हलवायची, मूठ सोडल्यासारखी मोकळी करायची. सगळ्यांना गुण येतोच असं नाही पण ज्यांना येतो त्यांची झोप परत येते, आणि खर्च फक्त एका आरशाचा.

आता घरच्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. मायेपोटी स्टंपखाली (कापल्यावर उरलेला पाय) उशी ठेवू नका!! आई हटकून ठेवते, पाय वर राहिला की बरं वाटतं म्हणून. गुडघा तसाच वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग कितीही भारी पाय आणा, सरळ उभं राहता येत नाही. खुर्चीत बसताना पण स्टंप लोंबकळत ठेवायचा नाही, खाली फळी घेऊन गुडघा सरळ. दिवसातून थोडा वेळ पालथं झोपायचं म्हणजे कंबरेचा सांधा आखडत नाही. क्रेप बँडेज गोल गोल गुंडाळायचं नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं तिरकं, टोकाला घट्ट आणि वर येताना सैल. उलटं झालं तर सूज टोकाला साठून स्टंपचा फुगा होतो. सेंटरमधे हे शिकवतात, तुमच्यातल्या एकाने तिथे जाऊन हाताने शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको.

आणि एक, रात्री झोपेत उठून लघवीला जाताना माणूस विसरतो की पाय नाही. सरळ पाऊल टाकतो आणि पडतो, ते पण स्टंपवर. कुबड्या पलंगाला हाताशी, आणि एक छोटा दिवा चालू.

सुभेदार_नाना
पोरी, मी मेडिकल कोअरचा माणूस, नर्सिंग असिस्टंट म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून घरी आलो. वॉर्डात अशी पोरं पुष्कळ बघितली.

अनघाताईंनी पायाचं सांगितलं. मी बाकीचं सांगतो कारण सुरुंगात सगळ्यांचं लक्ष पायावर असतं. स्फोटाच्या दाबाने कानाचा पडदा फाटतो, हे फार कॉमन आहे. पोरगा "हां हां" करतो आणि आपल्याला वाटतं मनाने खचलाय, पण त्याला ऐकूच कमी येत असतं. कानाची टेस्ट झाली का विचार. अंगात छर्रे राहिलेत म्हणतेस, तर पुढे कधीही कुठल्याही दवाखान्यात एमआरआय करायची वेळ आली तर आधी हे सांगायचं, घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. स्फोटात तुटलेल्या हाडाला कधी कधी बाजूने नवीन हाड फुटतं मांसात, स्टंप आतून टोचायला लागतो. तेव्हा पायाला दोष देत बसू नका, एक्सरे काढा.

चिडचिड, विसराळूपणा, आवाज सहन न होणं, हे स्फोटाने डोक्याला बसलेल्या धक्क्यानेही होतं आणि मनानेही होतं. वेगळं करणं डॉक्टरचं काम. आपण "आता तरी नीट वाग" असं म्हणायचं नाही.

कागदांचं सविस्तर लिहीन पण आज डोळ्यांना त्रास होतोय, उद्या.

रणजित_८८
सॅल्यूट भाऊजींना. ताई, सरकारी पायावर थांबू नका, परदेशी कार्बन फायबर ब्लेड मिळतात, त्यावर माणसं मॅरेथॉन पळतात. कारगिलमधे जखमी झालेले मेजर डी. पी. सिंग पाय गेल्यावर हाफ मॅरेथॉन पळाले. पैशांची काळजी नको, आपण इथे वर्गणी काढू, मी सुरुवात करतो.

साचा_आणि_सॉकेट
रणजित, भावना पोचली आणि मनापासून आवडली, पण माझं रोजचं काम हेच आहे म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

मी प्रोस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम हातपाय बनवून बसवणारा, मुंबईला हाजी अलीच्या इन्स्टिट्यूटमधे शिकलो. लोक पायाचं पाऊल बघतात, आम्ही सॉकेट बघतो. सॉकेट म्हणजे स्टंप ज्या वाटीत बसतो ती. अंगाचं सगळं वजन त्या वाटीतून जातं. ती बरोबर नसेल तर खाली लाखाचं पाऊल लावलं तरी माणूस पाय काढून कोपऱ्यात ठेवणार. आणि पहिल्या वर्षात स्टंप सारखा बदलतो, सूज उतरते, स्नायू बारीक होतात, सहा महिन्यांपूर्वी घट्ट बसणारी वाटी गडगड वाजायला लागते. मधे जाड मोजे चढवून भागतं, मग नवीन साचा घ्यावाच लागतो. म्हणून पहिल्याच वर्षी महागडा पाय हा सल्ला मी कुणाला देत नाही. पुण्याचं सेंटर १९४४ पासून हेच काम करतंय, आधी दुसऱ्या महायुद्धातले जखमी, नंतर ६५, ७१, कारगिल, आणि रोजचे एलओसीवरचे. तिथे सॉकेट बदलून मिळतो, दुरुस्ती मिळते, शिवाय तिथे बाजूच्या खाटेवर तसाच दुसरा जवान असतो. ह्या शेवटच्या गोष्टीला मी फार मानतो.

ब्लेड पळण्यासाठी आहे, त्यावर उभं राहून वाफ्यात पाणी धरता येत नाही. भाऊजी शेतात जाणार असतील तर एक जयपूर फूट जोडीला असावा असं माझं मत. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी, यांनी १९६८ च्या सुमारास जयपूरला तो बनवला तोच मुळी आपल्यासारख्या लोकांसाठी, अनवाणी चालणं, उकिडवं बसणं, चिखल, ओला बांध. दिसायला साधा आहे, पण रानात चालतो.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. पाय बसवताना तो विशिष्ट टाचेच्या बुटावर सेट करतात. देवळात गेलं की आपण चप्पल काढतो, टाच खाली जाते आणि माणूस मागे ढकलल्यासारखा होतो. पहिल्यांदा देवदर्शनाला नेलं आणि पायरीवर मागे पडला असे पेशंट मी बघितलेत. आधीच सांगा की घरात अनवाणी वावर असतो, देवळात जायचंय, ते त्या हिशोबाने अलाइनमेंट बघतील. मांडी घालून जेवायला बसायची सवय असेल तर तेही बोला. गुडघ्याखालच्या पायात जमवता येतं, गुडघ्यावरून पाय गेला असेल तर फिरणारा एक जॉइंट मधे टाकतात, मग मांडी घालता येते. पंगतीत बसता येणं ही आपल्याकडे छोटी गोष्ट नाही.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी. हे पाठ.

जुनी_पानं
उत्तम धागा. थोडी मागची माहिती देतो, कारण वाई-सातारकडच्या लोकांशी याचा थेट संबंध आहे.

पहिल्या महायुद्धात सातारा जिल्ह्यातून किती माणूस गेला हे अपशिंगे मिलिटरी गावात गेलं की कळतं, त्या एका गावाचे ४६ जण परत आले नाहीत. पण जे हात-पाय गमावून परत आले त्यांचं काय झालं हे आपण विचारत नाही. १९१७ साली मुंबईत लॉर्ड आणि लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने जखमी हिंदी शिपायांसाठी धंदेशिक्षणाची शाळा निघाली, राणी मेरीच्या नावाने, तीच पुढे पुण्याला खडकीत आली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून आजही जखमी जवानांना शिकवते. शंभर वर्षं उलटून गेली. म्हणजे पेन्शन देऊन घरी पाठवलं की काम संपलं असं नसतं, हाताला धंदा लागतो, हे तेव्हाच कळलेलं होतं.

मणक्याच्या जखमींचं तर त्याहून वाईट होतं. पहिल्या महायुद्धात मणका तुटलेला शिपाई बहुतेक वेळा काही महिन्यांतच जायचा, गोळीने नाही, पाठीला पडलेल्या जखमा आणि लघवीच्या इन्फेक्शनने. हे बदललं लुडविग गुट्टमान या माणसाने. जर्मनीतला ज्यू न्यूरोलॉजिस्ट, नाझींपासून जीव वाचवून १९३९ ला इंग्लंडला आला आणि १९४४ च्या फेब्रुवारीत स्टोक मँडेव्हिल हॉस्पिटलात मणक्याच्या जखमींचा विभाग चालवायला घेतला. त्याने काय जादू केली? दर दोन तासांनी पेशंटला कुशीवर वळवायचं, दिवस-रात्र, स्वतः रात्री वॉर्डात येऊन बघायचा की वळवलंय का. लघवीची स्वच्छता. आणि लवकरात लवकर उठवून काम आणि खेळ. २९ जुलै १९४८, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं त्याच दिवशी त्याने हॉस्पिटलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली, पुरुष आणि बायका दोन्ही. आजचं पॅरालिंपिक तिथून निघालं.

इस्लामपूरकर
पॅरालिंपिक म्हटलं की आमचे मुरलीकांत पेटकर आलेच! पेठ इस्लामपूरचे. ईएमईमधे (फौजेची यंत्रदुरुस्तीची शाखा) जवान, बॉक्सिंग करायचे. १९६५ ला सियालकोट भागात गोळ्या लागल्या, कंबरेखाली लुळे पडले, दीर्घकाळ अंथरुणात. पोहणं सुरू केलं ते उपचार म्हणून, आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमधे ३७.३३ सेकंदात सुवर्ण, तोही जागतिक विक्रम. भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पुढे टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं, पण मिळालं. ताई, भाऊजींना ही गोष्ट जरूर सांगा.

रणजित_८८
आणि होकाटो सेमा! नागालँडचे, आसाम रेजिमेंट, २००२ ला चौकीबलला सुरुंगात डावा पाय गेला, अगदी भाऊजींसारखंच. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गोळाफेक सुरू केली, पुण्यात बॉम्बे सॅपर्सकडे (फौजेची इंजिनिअर शाखा) ट्रेनिंग, आणि पॅरिस २०२४ ला १४.६५ मीटर टाकून ब्राँझ.

खडकीची_माधवी
बरेच दिवस वाचून गप्प होते, आज लिहिते.

माझे मिस्टर फौजी. गोळी मणक्यातून गेली, छातीखालून संवेदना नाही. आम्ही खडकीला राहिलो, पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरच्या (मणक्याच्या इजेने लुळे पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र) आसपासच आमचं आयुष्य गेलं म्हणा. १९७४ पासूनचं सेंटर आहे, ६५ आणि ७१ च्या जखमींसाठी काढलेलं, शेजारीच खडकीच्या मिलिटरी हॉस्पिटलचा मणक्याचा विभाग. मी तिथे लग्न झालेली आणि लग्न न झालेली, दोन्ही माणसं म्हातारी होताना बघितली. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे आहेत, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळणारे आहेत, आणि नुसतं पेपर वाचत दुपार काढणारेही आहेत. या तिसऱ्यांबद्दल मला बोलायचंय.

रणजितदादा, इस्लामपूरकर, राग मानू नका. पेटकर साहेबांबद्दल, सेमांबद्दल मला खूप आदर आहे. पण जो येतो तो आमच्या ह्यांना पदकाची गोष्ट सांगून जातो. हे हसून ऐकतात आणि माणूस गेल्यावर तासभर भिंतीकडे बघत पडतात. कारण त्या दिवशी सकाळी ह्यांना बिछान्यातून खुर्चीत स्वतःहून सरकता आलं होतं, महिन्यांच्या मेहनतीनंतर, आणि ते सांगायचं राहून गेलं कारण समोरचा पदकाचं बोलत होता. पाय गेला की माणसाने एकतर बिचारा व्हायचं नाहीतर चॅम्पियन, मधली जागाच ठेवत नाही आपण. आणि बहुतेक जखमी त्या मधल्याच जागेत जगतात ताई, साधं, मेहनतीचं, चांगलं आयुष्य.

आमचा दिवस कसा असतो ते सांगते म्हणजे कळेल. पहाटे उठून आधी पाठ, माकडहाड, टाचा आरशात बघायच्या, कुठे लाल डाग तर नाही. दिसला तर त्या दिवशी त्या जागेवर बसायचं नाही, मग लग्न असो नाहीतर मत द्यायचं असो. बेडसोअर (एकाच जागी दाब पडून होणारी जखम) पडायला एक दुपार पुरते आणि भरायला महिने जातात. खुर्चीत असताना पंधरावीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन बूड उचलायचं. कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, दिवसातून चार-पाच वेळा, वेळ ठरलेली, हात साबणाने धुवून. संडासची वेळ ठरलेली. पाणी किती प्यायलं त्याचा हिशोब. पाय हलत नाहीत म्हणून कुणीतरी हलवायचे, नाहीतर आखडतात. हे सगळं झालं की मग चहा.

आणि एक धोका सगळ्यांनी वाचा, मणक्याचे पेशंट घरात असतील त्यांनी तर नक्की. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा असेल तर अचानक डोकं फुटेल असं दुखतं, तोंड लाल, घाम, बीपी भराभर वर. बहुतेक वेळा कारण काय, तर लघवी तुंबलेली, कॅथेटरची नळी मुडपलेली. ताबडतोब उठवून बसवायचं, आडवं झोपवायचं नाही, कपडे पट्टे सैल करायचे, नळी बघायची आणि उतरलं नाही तर थेट हॉस्पिटल. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरला हे माहीत नव्हतं, बीपीची गोळी देऊन झोपवून ठेवलं, थोडक्यात निभावलं.

तुमचे भाऊजी गुडघ्याखालचे आहेत, ते चालतील, गाडी चालवतील, सगळं करतील. पण पहिले काही महिने त्यांच्या छोट्या गोष्टींना घरात मान द्या. आज न धरता अंघोळ केली, आज बँडेज स्वतः बांधलं, एवढं पुरे आहे. खेळायचं असेल तर ते स्वतः सांगतील.

इस्लामपूरकर
माधवीताई, तुमचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. पटलं.

सुभेदार_नाना
माधवी, बरोबर बोललीस. फक्त एक जोडतो. खेळाला मी पदकासाठी धरत नाही, मी त्याला औषध म्हणून धरतो. वॉर्डात पोरगं फिजिओला टाळतं पण बॉल फेकला की हात वर करतं. खांद्यात ताकद आली की व्हीलचेअरवरून बेडवर जाता येतं, गुट्टमान साहेबाचा पण हिशोब तोच असणार. तेव्हा घरात बॅडमिंटनची रॅकेट असू दे, कुणी बळजबरी करायची नाही.

आता कागद. पोरी, हे नीट लिहून घे.

पहिलं, जखम "बॅटल कॅज्युअल्टी", म्हणजे लढाईतली जखम, म्हणून नोंदली गेलीय का ते युनिटकडून लेखी बघा. एलओसीवर ऑपरेशनल ड्यूटीत सुरुंग फुटला तर ती तशीच नोंदली पाहिजे. ही एक ओळ पुढे आयुष्यभराची पेन्शन ठरवते, साधी डिसेबिलिटी आणि वॉर इंजुरी यात रकमेचा मोठा फरक पडतो. दुसरं, इंजुरी रिपोर्ट, प्रत्येक मेडिकल बोर्डाची प्रोसिडिंग, डिस्चार्ज स्लिप, सगळ्याच्या झेरॉक्स घरी एक आणि भावाकडे एक. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचा नाही, मग तो कितीही "मी करून देतो" म्हणू दे. तिसरं, पाय गेला म्हणजे नोकरी गेली असं धरून चालू नका. लो मेडिकल कॅटेगरीत जवान बसून करायच्या ड्यूटीवर नोकरी पुरी करतात. इयान कार्डोझो साहेबांचा ७१ ला सिल्हेटकडे सुरुंगावर पाय गेला, स्वतःच्या खुकरीने स्वतः कापला, आणि त्या लाकडी पायावर त्यांनी पुढे बटालियनची आणि ब्रिगेडची कमांड केली, मेजर जनरल होऊन निवृत्त झाले. म्हणजे घरी यायचं की राहायचं हा निर्णय भाऊजींचा, तोही घाईत नाही. घरच्यांनी "आता नको ती नोकरी" हे टुमणं लावायचं नाही. चौथं, साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे एकदा जाऊन नाव सांगून या. आणि दिव्यांगत्वाचं यूडीआयडी कार्ड वेगळं काढावं लागतं, फौजेचा कागद एसटीत आणि सिव्हिलमधे कामाला येईलच असं नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे खूप खूप आभार, नानांचं सगळं वहीत उतरवून घेतलं. उशीबद्दल वाचून तर काळजात धस्स झालं कारण सासूबाईंनी नवीन उशी शिवून ठेवलीच होती, आता ती डोक्याखाली जाईल.

कानाचं विचारलं, डाव्या कानाचा पडदा खरंच फाटलेला आहे, डॉक्टर लक्ष ठेवून आहेत. आम्हाला वाटत होतं ते बोलायचं टाळतात.

अजून एक विचारायचंय, इथे लिहू का नको असं झालं होतं. भाऊजींचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचा मुहूर्त. मुलीकडचे फोन करतात, तब्येत विचारतात, लग्नाचं काही बोलत नाहीत. भाऊजींनी आमच्याकडे निरोप दिलाय की त्यांना मोकळं करा. मुलगी काय म्हणते कुणी विचारलेलंच नाही. आम्ही मध्ये पडावं का?

खडकीची_माधवी
पडा, पण फक्त एवढ्यासाठी की त्या दोघांना बोलता यावं. मोठ्यांच्या निरोपानिरोपीत हे ठरवू नका. तिला पुण्याला घेऊन जा, तिथे तशीच आणखी जोडपी असतात, बायका असतात, ती काय विचारायचं ते त्यांना विचारेल जे तुम्हाला विचारणार नाही. स्टंप बघू दे. पाय काढताना आणि घालताना बघू दे. मग ती हो म्हणाली तर ते तिचं हो असेल, आणि नाही म्हणाली तर गावाने तिला नावं ठेवू नयेत हे बघायची जबाबदारी तुमच्या घराची. माझ्यावर हो म्हणायची सक्ती नव्हती, म्हणून मी टिकले.

आणि "त्यांना मोकळं करा" हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून पण ऐकलंय. त्यात मुलीची काळजी असते, आणि स्वतःबद्दलची नाउमेदही असते. दुसरी गोष्ट कमी झाली की पुन्हा विचारा.

निवांत_दुपार
मी मानसोपचारात काम करते. माधवीताईंच्या बोलण्यात भर नाही घालत, फक्त एक नंबर. १४४१६, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. डिसेंबर २०२३ पासून फौजेतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्यात एएफएमसीमधे (फौजेचं मेडिकल कॉलेज) वेगळा कक्षही सुरू झालाय. झोप न येणं, तेच दृश्य परत परत दिसणं, सोबतचा गेला आणि मी वाचलो याचं ओझं, यावर उपचार आहेत. आणि ताई, तो नंबर सासूबाईंसाठी आणि तुमच्यासाठी पण आहे. तुम्ही घरातल्या सगळ्यांची काळजी वाहताय हे पहिल्या पोस्टमधेच दिसलं.

बघायला येणाऱ्यांचं म्हणाल तर भाऊजींनाच विचारा कोण भेटलेलं चालेल. बाकीच्यांना तुमच्या मिस्टरांनी ओट्यावरच चहा देऊन वाटेला लावायचं. त्यात कुणाचा अपमान नाही.

साचा_आणि_सॉकेट
अनुभवाने सांगतो, पाय मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात उत्साहाने दिवसभर घालून ठेवतात, आणि संध्याकाळी स्टंपला फोड. तासाभराने सुरुवात, काढून त्वचा बघायची, लालसर डाग काही मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर त्या दिवशी बंद आणि सेंटरला फोन. लायनर (सॉकेटच्या आत स्टंपवर चढवायचं मऊ आवरण) रोज रात्री साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवायचा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने त्वचा लगेच खराब होते. वजन वाढू द्यायचं नाही, दोन-चार किलोने पण सॉकेट बसेनासा होतो. फौजीला घरी आल्यावर सगळे तूप-पोळी खाऊ घालतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

रणजित_८८
साचादादा, मग वर्गणीचं काय करू? मी काही मित्रांना बोलून ठेवलंय.

साचा_आणि_सॉकेट
ताईंच्या घराला लागणार नसेल तर आपल्या तालुक्यात बघ ना. उसाच्या गाड्यात, मळणी मशीनमधे, रेल्वेत पाय गेलेली कितीतरी माणसं सॉकेट सैल झाला म्हणून घरात बसून आहेत. त्यांना मिलिटरीचं सेंटर माहीत नाही, जयपूर फूटचा कॅम्प कधी येतो माहीत नाही. एकाला गाडीत घालून नेऊन आण आणि सहा महिन्यांनी परत ने. त्या परतच्या खेपेला कुणी सोबत नसतं.

रणजित_८८
आमच्याच गल्लीत एक काका आहेत असे. रविवारी जातो.

कृष्णाकाठ
भाऊजींशी बोलणं झालं. मुलगी आणि तिची मावशी पुढच्या आठवड्यात पुण्याला जाणार आहेत, मी सोबत. भाऊजी आधी चिडले, मग म्हणाले या.

उद्या मिस्त्री येतोय. संडास घरातच काढतोय, न्हाणीला लागून. कमोड किती उंच घ्यायचा आणि पकडायचा दांडा कुठल्या बाजूला? नाना, साचादादा, कुणीतरी आज रात्री सांगा.

साचा_आणि_सॉकेट
बसल्यावर भाऊजींच्या गुडघ्याचा वाक ज्या उंचीला येतो तेवढी सीट, साधारण अठरा इंच, कमी नको. खालचा कमोड घेतला तर उठताना सगळा भार एकट्या उजव्या पायावर येतो. दांडा दोन्ही बाजूंना लावा. रात्री पाय काढलेला असताना एका बाजूच्या दांड्याने तोल जातो. दांडा प्लॅस्टर आणि टाइलवर नुसता स्क्रूने नको, विटेत खोल बसवायला सांगा, मिस्त्रीने स्वतः लोंबकळून दाखवला पाहिजे. फरशी खडबडीत. न्हाणीत बसायला पाट नको, मागे टेकण असलेली प्लॅस्टिकची खुर्ची, अंघोळ पाय काढूनच करायची असते. दरवाजा बाहेर उघडणारा, कारण आत पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

सुभेदार_नाना
आणि दिव्याचं बटण दाराच्या बाहेर, खाटेवरून येताना हाताला लागेल असं. कुबडी टेकवायला भिंतीला एक हूक. झालं की फोटो टाक पोरी, उतार कसा काढलाय अंगणाला तेही बघतो.

कृष्णाकाठ
टाकते नाना. मिस्त्रीला आत्ताच फोन केला, दरवाजा उलटा फिरवायला तयार आहे.